मेंदी-नीळ लावलेल्या केसांना सौम्य शाम्पू कोणता? (घरी बोअरचं पाणी आहे)

कृष्णाकाठची | सांगली | ४ फेब्रुवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. वय ४८, राहणार विश्रामबाग. प्रश्न केसांचा असला तरी माझ्यासाठी तो हौसेचा नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत मी बाजारातली ‘काळी मेंदी’ लावायचे. पुडीवर मेंदीच्या पानाचं चित्र, म्हणून निर्धास्त होते. एका रविवारी लावली आणि सोमवारी सकाळी डोळेच उघडेनात. कपाळ, कान सुजलेले, टाळूतून पाणी येतंय. त्वचेच्या डॉक्टरांनी पुडी मागवून घेतली, मागची बारीक अक्षरं वाचली आणि ‘पॅराफिनिलिनडायमिन’ या शब्दाभोवती पेनाने गोल काढला. पीपीडी म्हणतात ते हेच. ते पाकीट मी अजून कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलंय.

तेव्हापासून फक्त शुद्ध मेंदी, आणि दुसऱ्या दिवशी नीळ. रंग सुरेख येतो, कॉफीच्या बियांसारखा. पण तिसऱ्या-चौथ्या न्हाण्यालाच काळेपणा उतरतो आणि भांगात, कानाजवळ विटकरी दिसायला लागतं. मेंदी नि नीळ म्हणजे दोन दिवस मोडतात, नोकरी सांभाळून दर तीन आठवड्यांनी हे जमत नाही. आतापर्यंत तीन शाम्पू झाले: एक हिरवा ‘हर्बल’, एक लहान मुलांचा, आणि एक सल्फेट नसलेला महागडा. तिन्हींत फार फरक वाटला नाही. केस मात्र काथ्यासारखे झालेत.

मे महिन्यात साताऱ्याला भाचीचं लग्न आहे. रसायनी रंगाकडे मी परत जाणार नाही. रंग टिकेल असा सौम्य शाम्पू कसा निवडायचा? ब्रँडचं नाव नको, कसं पारखायचं ते सांगा.

---

यवतेश्वर | सातारा | ४ फेब्रुवारी, रात्री १०.१५

अगं बाई, केवढं सोसलंस. आता बरी आहेस ना?

मी ६१ वर्षांची, बावीस वर्षं मेंदी लावते, नीळ गेली सहा वर्षं. शाम्पूच्या आधी तीन गोष्टी सांग. नीळ धुतल्यावर पहिला शाम्पू कितव्या दिवशी लावतेस? न्हायला पाणी कढत घेतेस का? आणि न्हाण्याआधी केसांना तेल असतं का?

---

कृष्णाकाठची | ४ फेब्रुवारी, रात्री १०.३१

काकू, आता बरी आहे, विचारलंत म्हणून बरं वाटलं. शाम्पू त्याच दिवशी लावते, कारण निळीचा वास सहन होत नाही, ओल्या पालापाचोळ्यासारखा येतो. पाणी कढतच. तेल नाही लावत, ऑफिसला चिपचिपीत दिसतं म्हणून.

---

यवतेश्वर | ४ फेब्रुवारी, रात्री १०.४४

मग पहिलं उत्तर इथेच मिळालं. नीळ लावल्यावर दोन दिवस, जमलं तर तीन दिवस शाम्पू नाही म्हणजे नाही. नुसत्या पाण्याने धुवायचं, बोटांनी गाठी सोडवायच्या, वास आला तर येऊ द्यायचा. मी शुक्रवारी रात्री मेंदी, शनिवारी नीळ आणि मंगळवारी न्हाणं असा क्रम धरते.

---

केमिस्ट्रीमास्तर | कराड | ५ फेब्रुवारी, सकाळी ७.०५

काकूंनी सांगितलं ते अगदी शास्त्राला धरून आहे. का, ते समजलं की शाम्पू निवडणं सोपं जातं, म्हणून थोडं लांबण लावतो. ३१ वर्षं अकरावी-बारावीला रसायन शिकवलंय.

मेंदीच्या पानातलं रंगद्रव्य म्हणजे लॉसोन. ते केसातल्या केराटिन या प्रथिनाशी रासायनिक बंधाने जोडलं जातं. म्हणून मेंदी धुऊन जात नाही, केस वाढून कापला जाईपर्यंत राहते. निळीचं तसं नाही. निळीच्या पानात इंडिकॅन असतं. पूड कोमट पाण्यात कालवली की त्यातून इंडॉक्सिल सुटतं, ते केसात शिरतं आणि हवेतला प्राणवायू मिळाला की त्याचा निळा इंडिगो तयार होतो. हा इंडिगो पाण्यात विरघळत नाही, पण केसाशी त्याचा मेंदीसारखा पक्का बंध नसतो. तो केसात आणि केसावर अडकून बसलेला असतो. म्हणूनच आधी नीळ उतरते आणि खालची मेंदी उघडी पडते. तुमचं ‘विटकरी’ म्हणजे रंग बिघडला असं नव्हे, वरचा पडदा गेला इतकंच.

ही हवेतली क्रिया पुरी व्हायला वेळ लागतो. पहिल्या दिवशी हिरवट-निळसर दिसणारा केस तिसऱ्या दिवशी काळसर होतो. त्याआधी शाम्पू लावला तर जे बसायचं बाकी आहे ते वाहून जातं.

आता सामू, म्हणजे पीएच: आम्ल-अल्क किती ते सांगणारा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त. केसाच्या बाहेर खवल्यांसारखा थर असतो. पाणी आम्लधर्मी असलं की खवले मिटून बसतात, अल्कधर्मी असलं की केस फुगतो आणि खवले उघडतात. टाळूचा सामू साधारण ५.५ आणि केसाचा त्याहून खाली, ३.६७ च्या आसपास. म्हणजे शाम्पूचा सामू ५.५ किंवा त्याखाली हवा. ब्राझीलच्या संशोधकांनी २०१४ साली १२३ शाम्पू तपासले, तेव्हा ५.५ किंवा त्याखालचे निघाले जेमतेम ३८ टक्के. त्यामुळे बाटलीवर ‘सौम्य’ लिहिलंय यावर जाऊ नका. शाळेच्या प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात सामू मोजायच्या रंगपट्ट्या मिळतात. शाम्पू पाण्यात थोडा पातळ करून पट्टी बुडवा आणि डबीवरच्या रंगाशी ताडून पाहा.

एक प्रश्न माझाही. न्हाणीघरात पाणी कुठलं येतं?

---

कृष्णाकाठची | ५ फेब्रुवारी, दुपारी १.२०

मास्तर, आज डबा खाताना तीनदा वाचलं. इतकी वर्षं लावते आणि हे कुणी सांगितलं नव्हतं.

पाणी बोअरचं. नळाचं पाणी सकाळी येतं ते स्वयंपाकघरात आणि पिण्याला. बाकी सगळं बोअरवर. गीझरची कॉइल दोन वर्षांत दोनदा बदलली, शॉवरच्या भोकांना पांढरा थर येतो.

---

केमिस्ट्रीमास्तर | ५ फेब्रुवारी, दुपारी ४.५०

तोच पांढरा थर तुमच्या केसांवरही बसतोय. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार.

घरी खात्री करा. दोन पारदर्शक बाटल्या घ्या, एकीत नळाचं पाणी अर्धं, दुसरीत बोअरचं अर्धं. अंगाच्या साबणाचा नखाएवढा किस दोन्हींत सारखा टाका. भांड्याचं लिक्विड नको, त्यात साबण नसतो, तपासणी फसते. झाकण लावून वीस वेळा हलवा. गोड्या पाण्यात फेस टिकतो आणि खालचं पाणी बरंचसं नितळ राहतं. जड पाण्यात फेस मरतो, पाणी दुधाळ होतं आणि वर साय धरते.

आकडा हवा असेल तर पाण्याच्या प्रयोगशाळेतून एकूण कठीणता, म्हणजे हाच जडपणा, काढून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ती लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी असं आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. विक्रेते दाखवतात तो टीडीएसचा आकडा वेगळा, त्यात सगळेच विरघळलेले क्षार येतात.

---

आबा_तासगाव | ५ फेब्रुवारी, रात्री ८.३०

आमच्याकडं द्राक्षाच्या बागंचं बोअर हाय. ठिबकच्या नळ्या चोंदत्यात त्या ह्याच क्षारानं, आम्ही आम्ल सोडून साफ करतो. केसाचं बी तसंच असंल असं कधी मनात आलं न्हवतं. मी दाढी-मिशीला आणि डोक्याला नुसती मेंदी लावतो, बायको कढईत भिजवती. धुतो मात्र अंगाच्याच साबणानं. ते बरं न्हवं का?

---

केमिस्ट्रीमास्तर | ५ फेब्रुवारी, रात्री ९.०२

आबा, मुद्दा अचूक पकडलात. मात्र ठिबकचं आम्ल डोक्याला लावायचं नाही, ते फार तीव्र असतं!

साबण बंद करा. साबणाचा सामू ९-१० असतो. शिवाय जड पाण्यात तो न विरघळणारा चिकट साका धरतो, तो केसातच राहतो. ‘शिकेकाई साबण’ म्हणून वडी मिळते तीही मुळात साबणच. शिकेकाई नावापुरती, सामू साबणाचाच.

---

आबा_तासगाव | ५ फेब्रुवारी, रात्री ९.१०

वडीच वापरतोय की वो आम्ही, चार वर्सं झाली. उद्यापास्नं बंद.

---

आरसा_मिरज | मिरज | ६ फेब्रुवारी, दुपारी ३.१५

माझं मिरजेत पार्लर आहे, १४ वर्षं झाली. मेंदी-नीळवाल्या बायका माझ्याकडे पुष्कळ येतात. कृष्णाकाठची ताई, बाटली उलटी करून मागचं वाचायची सवय लावा. पुढे पान, फूल, दूध, मध काहीही छापलेलं असो.

घटकांच्या यादीत जे सगळ्यात जास्त ते आधी लिहिलेलं असतं. पहिलं पाणी. त्यानंतरची तीन-चार नावं म्हणजे खरा शाम्पू. तिथे सोडियम लॉरिल सल्फेट किंवा अमोनियम लॉरिल सल्फेट दिसलं तर रंगवलेल्या केसांसाठी ठेवून द्या. सोडियम लॉरेथ सल्फेट, यात ‘लॉरेथ’ आहे हे नीट बघा, लॉरिलपेक्षा थोडं नरम असतं. सोबत कोकामिडोप्रोपिल बीटेन असेल तर आणखी नरम पडतं. रोजच्या बजेटमध्ये तेवढंच बसत असेल तर पातळ करून वापरा, आकाश कोसळत नाही.

जास्त सौम्य हवं तर डेसिल ग्लुकोसाइड, कोको ग्लुकोसाइड, सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट, सोडियम लॉरॉइल सार्कोसिनेट अशी नावं वरच्या ओळीत शोधा. यांचा फेस कमी येतो. बायकांना वाटतं स्वच्छच झालं नाही, म्हणून परत ओततात. फेस आणि स्वच्छता यांचा तसा संबंध नाही, हे मी खुर्चीत बसलेल्या प्रत्येकीला सांगते.

ताई, तुमच्या त्या महागड्या बाटलीबद्दल मला शंका आहे. सल्फेट नाही म्हणतात आणि आत ‘ओलेफिन सल्फोनेट’ घालतात. नावात सल्फेट नाही हे खरं, पण तो चांगला जोरकस असतो. तपासून सांगाल का? आणि लहान मुलांचा शाम्पू डोळ्यांना झोंबू नये म्हणून बनवलेला असतो. धुतो हळुवार, पण त्याचा सामू ५.५ च्या खाली असेलच असं नाही.

‘डीप क्लीन’, ‘क्लॅरिफाइंग’ लिहिलेले शाम्पू मेंदी लावायच्या आदल्या दिवशी, एरवी नाही.

---

कृष्णाकाठची | ६ फेब्रुवारी, रात्री ९.००

आरसा ताई, तुम्ही म्हणालात तेच निघालं. महागड्या बाटलीत पाण्यानंतर दुसरंच नाव ‘सोडियम सी १४-१६ ओलेफिन सल्फोनेट’. हिरव्या ‘हर्बल’मध्ये दुसरं सोडियम लॉरेथ सल्फेट, आणि ज्या वनस्पतींची चित्रं पुढे आहेत त्या यादीत अगदी तळाला, वासाच्याही खाली.

मास्तर, बाटल्यांची तपासणी केली. नळाच्या पाण्यात चार बोटं फेस. बोअरच्यात नुसतं ताकासारखं पाणी आणि वर साय. मुलाने फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकलाय. माझ्या साताऱ्याच्या बहिणीकडे कासचं पाणी येतं, तिच्याकडे न्हायल्यावर केस मऊ लागतात ते मला आजवर माहेरच्या हवेमुळे वाटायचं.

---

यवतेश्वर | ६ फेब्रुवारी, रात्री ९.२५

आमच्याकडे कासचंच. त्या पाण्यात साबण अंगावरून लवकर सुटत नाही, गुळगुळीत राहतं.

---

जतकर_वहिनी | जत | ७ फेब्रुवारी, सकाळी ११.४०

सगळं वाचतेय. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर. न्हाण्याला एक बादली मिळाली तरी पुष्कळ. शाम्पू पुडीचाच परवडतो. मेंदी सासूबाईंनी दारात लावलीय, पानं वाटून लावते. आमच्यासारखीने काय करावं?

---

आरसा_मिरज | ७ फेब्रुवारी, दुपारी २.०५

वहिनी, ताज्या पानांची मेंदी म्हणजे भाग्य. तिच्यात भेसळीची चिंताच नाही.

पुडीच्या मागेही घटक असतात, अक्षरं बारीक असतात एवढंच. मोबाईलने फोटो काढून मोठा करून वाचा. अर्धीच पुडी तांब्याभर पाण्यात मिसळा, चमच्याने ढवळा आणि ते पाणी फक्त टाळूवर ओतून बोटांच्या पेरांनी चोळा, नखांनी नाही. केसांच्या लांबीला शाम्पू लावायचाच नाही. वरून ओघळतं तेवढ्यात लांबी धुतली जाते. असं केलं की विसळायला पाणीही निम्मं लागतं. बादलीतलं शेवटचे दोन तांबे पाणी आधीच वेगळं काढून ठेवा, म्हणजे घाईत संपणार नाही.

मी पार्लरमध्येही शाम्पू असाच पातळ करते, रंग कुठलाही असो. तुम्ही आठवड्यातून एकदाच न्हात असाल तर रंगाच्या दृष्टीने ते उत्तमच आहे.

---

पेठेतला | सांगली | ७ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.२०

सांगलीत आमचं काष्ठौषधींचं दुकान, आजोबांपासून. मला एकच म्हणायचंय, शाम्पू कशाला शोधताय? शिकेकाई आहे की. तिच्यात साबण नाही, निसर्गतःच किंचित आंबट, मास्तर म्हणतात तो सामू आपोआप सांभाळला जातो. गिऱ्हाइकाला देतो ते प्रमाण सांगतो: शिकेकाई १ किलो, आवळकाठी पाव किलो, रिठा २०० ग्रॅम, नागरमोथा १०० ग्रॅम, गव्हला कचोरा ५० ग्रॅम, संत्र्याची वाळलेली साल मूठभर. उन्हात कडकडीत वाळवून चक्कीवर दळून आणायचं.

---

आरसा_मिरज | ७ फेब्रुवारी, रात्री ८.१०

दादा, तुमच्या दुकानाचा मान ठेवून सांगते, नीळ लावलेल्या केसांना २०० ग्रॅम रिठा जास्त होतो. रिठा तेल ओढून काढतो, केस कोरडे पडतात. माझ्या दोन गिऱ्हाइकांनी रिठ्याचं पाणी सुरू केलं आणि महिन्यात टोकं राठ झाली. शिवाय लोक पूड तशीच केसांवर चोळतात. त्या भरड कणांनी केस घासला जातो आणि अडकलेली पूड काढायला परत चार वेळा धुतात.

---

पेठेतला | ७ फेब्रुवारी, रात्री ८.४५

ताई, कोरडेपणाचं म्हणणं मान्य. हे प्रमाण तेल चोपडून न्हाणाऱ्यांसाठी आजोबांच्या काळापासून चालत आलंय. तेव्हा केसांना आठवडाभराचं तेल असायचं, ते काढायला रिठा लागायचा. आता कोणी एवढं तेल लावत नाही. मेंदी-निळीसाठी रिठा ५० ग्रॅमवर आणा, तेल लावत नसाल तर मुळीच नको. त्याऐवजी जास्वंदीची वाळलेली पानं १०० ग्रॅम घाला, बुळबुळीतपणा येतो, केस विंचरायला सोपे जातात. पूड चोळू नये हेही बरोबर. उकळून गाळूनच घ्यावी.

---

यवतेश्वर | ७ फेब्रुवारी, रात्री ९.३०

दोघांचंही पटलं, आणि इतकं नीट बोललात याचा आनंद वाटला.

माझी रीत सांगते. तीन चमचे पूड दोन तांबे पाण्यात रात्री भिजत घालायची, सकाळी मंद आचेवर दहा मिनिटं. पातेलं स्टीलचं. लोखंडात शिकेकाई केली की पाणी शाईसारखं काळं होतं आणि टॉवेल, गळ्याशी असलेला ब्लाऊज, सगळ्याला डाग पडतात. निवल्यावर मलमलच्या फडक्यातून गाळायचं. डोळे घट्ट मिटायचे, झोंबतं फार. आदल्या रात्री खोबरेल, दोन चमचेच, लांबीला. शिकेकाई तेवढं तेल आरामात काढते.

सवय नसलेल्याला पहिले तीन-चार वेळा केस जड वाटतात. तिथे लोक सोडून देतात.

---

नवी_सून | इस्लामपूर | ८ फेब्रुवारी, दुपारी १२.१०

दोन बारीक प्रश्न. नीळ म्हणजे कपड्यांना घालतो तीच का? आणि आमच्या आठ महिन्यांच्या बाळाचं जावळ काढलं, डोकं थंड राहावं म्हणून मेंदी लावायला सांगतायत, शुद्ध असली तर चालेल ना?

---

त्वचा_दवाखाना | सातारा | ८ फेब्रुवारी, दुपारी १.३०

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. दोन्हींना स्पष्ट नाही. कपड्यांची नीळ हा वेगळाच कृत्रिम रंग आहे, डोक्याला अजिबात लावू नका. केसांची नीळ म्हणजे निळीच्या झाडाच्या पानांची हिरवट पूड.

बाळाला मेंदी लावू नका. जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्या मुलांमध्ये मेंदीतल्या लॉसोनमुळे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात आणि ही कमतरता आहे की नाही हे बहुतेक घरांत माहीतच नसतं. घरच्या मोठ्यांना समजावताना माझ्या या ओळी दाखवा.

मूळ धाग्याबद्दल: शुद्ध वनस्पतीचीही ॲलर्जी होऊ शकते. नवी पुडी आणली की कोपराच्या आत थोडी लावून ४८ तास वाट पाहा. ज्यांना पीपीडीची ॲलर्जी झाली आहे त्यांनी कायम सावध राहावं, ‘दहा मिनिटांत काळे केस’ असं लिहिलेली कोणतीही पूड घरात आणू नये. नुसत्या मेंदीने केस कधीच काळे होत नाहीत.

कोंडा असेल तर रंगाची काळजी बाजूला ठेवून आधी त्यावर उपचार करा. किटोकोनॅझोलचा शाम्पू दिला असेल तर तो टाळूवर सांगितलेली मिनिटं ठेवा, लांबीवर ओढू नका. सेलेनियम सल्फाइडच्या शाम्पूने रंगवलेल्या केसांचा रंग बदलू शकतो, तेव्हा लिहून घेतानाच डॉक्टरांना सांगा की मेंदी-नीळ लावते.

---

नवी_सून | ८ फेब्रुवारी, दुपारी १.४५

डॉक्टर, खूप आभार. उद्याच लावणार होते.

---

कृष्णाकाठची | ९ फेब्रुवारी, सकाळी ६.५०

आता पाण्याचं काय करू? सोसायटीत सगळ्यांचं बोअरच. आरओचं वाया जाणारं पाणी रोज दोन बादल्या निघतं, ते न्हायला वापरू का?

---

केमिस्ट्रीमास्तर | ९ फेब्रुवारी, सकाळी ८.१५

ते मुळीच नको. आरओने काढून टाकलेले क्षार त्याच पाण्यात एकवटलेले असतात, ते बोअरपेक्षाही जड. फरशी पुसायला ठीक.

तुरटीने गढूळपणा बसतो, जडपणा जात नाही. उकळल्याने काही भाग जातो: बंबाच्या, गीझरच्या तळाला जे दगडासारखं साठतं तोच हा भाग. पाणी खळखळ उकळून, निववून, वरचं नितळ ओतून घेतलं तर फरक पडतो. पण गॅस किती जाळणार?

माझा सल्ला साधा आहे. नळाचं पाणी सकाळी येतं ना, न्हायच्या दिवशी एक बादली त्याची भरून ठेवा. तेल, धूळ निघेपर्यंत बोअरचं पाणी चालेल. शाम्पू पातळ करायला आणि शेवटचं विसळायला मात्र नळाचंच. अगदी शेवटच्या लिटरभर पाण्यात एक चहाचा चमचा व्हिनेगर किंवा अर्ध्या लिंबाचा गाळलेला रस. त्याने क्षार सुटतात, खवले मिटतात. टाळूवर जखम, पुरळ असेल तेव्हा ते टाळा. पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी धरा, पहिल्या एक-दोन सरी सोडून. तसं गोडं पाणी विकत मिळत नाही.

आणि जड पाण्याने रंग जातो कसा हेही लक्षात घ्या. क्षार स्वतः नीळ ओरबाडत नाहीत. फेस येत नाही म्हणून आपण दुप्पट शाम्पू घेतो, दुप्पट चोळतो, आणि रंग जातो तो त्यात. वर क्षारांचा थर बसला की उरलेला रंगही मळकट दिसतो. तुमचे तिन्ही शाम्पू नापास झाले ते बहुधा यामुळेच.

---

कृष्णाकाठची | ९ फेब्रुवारी, सकाळी ८.३०

दुप्पट कसले, मी तीन वेळा लावते. समजलं. लग्नानंतर येऊन सांगते.

---

कृष्णाकाठची | १९ मे, रात्री १०.०५

मंडळी, आले. लग्न छान झालं.

मार्चच्या सुरुवातीला मेंदी-नीळ केली, मग तीन दिवस शाम्पू नाही. ऑफिसात पहिल्या दिवशी केसांना हिरवट झाक होती, शेजारच्या टेबलवरच्या मॅडमनी विचारलं, मी खरं ते सांगितलं. तिसऱ्या दिवशी काळसर झाले.

शाम्पू घेताना तासभर दुकानात उभी राहून बाटल्या वाचल्या. दुसऱ्या क्रमांकावर कोकामिडोप्रोपिल बीटेन, तिसऱ्यावर डेसिल ग्लुकोसाइड असलेला एक मिळाला, आधीच्या महागड्यापेक्षा स्वस्त. मुलाने रंगपट्टी बुडवली, ५ आणि ६ च्या मधला रंग आला. आठवड्यातून दोनदाच, मगात एक चमचा पातळ करून, नळाच्या पाण्याने, शेवटी लिंबू. आदल्या रात्री खोबरेल.

आधी तीन आठवड्यांत विटकरी व्हायचे. या वेळी सहावा आठवडा संपेपर्यंत लांबीचा रंग टिकला. कानाजवळ आणि भांगात पाचव्या आठवड्यात तांबूस दिसायला लागलं, तिथले केस पांढरे जास्त आहेत आणि हात तिथेच सारखा जातो. लग्नाआधी बहिणीकडे साताऱ्याला जाऊन तेवढ्याच भागाला पुन्हा लावलं, अर्ध्या दिवसात झालं. काथ्यासारखेपणा बराच गेला. टोकं कापून घेतली, ती सुधारण्यातली नव्हती.

कपाटाच्या दारावर आता त्या पाकिटाशेजारी चालणाऱ्या घटकांची नावं लिहून लावलीत. सूनबाई येतील त्या दिवशी हाताशी असावीत.

पेठेतले दादा, तुमच्या दुकानातून कमी रिठ्याची, जास्वंद घातलेली पूड अर्धा किलो नेली, मीच ती हे तुम्हाला कळलं नसेल. आता पावसाळ्यात शिकेकाईवर यायचा विचार आहे. यवतेश्वर काकू, फडकं एकेरी घेता की दुहेरी?

---

यवतेश्वर | १९ मे, रात्री १०.४०

दुहेरी. आणि पहिल्या दिवशी गाळून पाच मिनिटं तसंच राहू दे, तळाला जे बारीक बसतं ते ओतायचं नाही. फोटो पाठव गं लग्नातला.